आमवात असताना ब्रेस्ट इम्प्लांट : तारीख घेण्याआधीची कामं

पहिल्या भेटीत सर्जनसाहेबांनी माझ्या मापांवर वीस मिनिटं घालवली आणि आजारावर एक.

"आणखी काही त्रास?"
"आमवात आहे. अकरा वर्षं झाली."
"कंट्रोलमध्ये आहे ना? मग चालेल."

आणि कॉम्प्युटरवरचं चित्र पुन्हा गोल फिरायला लागलं.

ते "चालेल" मी साताऱ्याला घरी घेऊन आले आणि पुढचे कितीतरी महिने सोलून बघत बसले. काय चालेल? दीड तासाचं ऑपरेशन चालेल, की त्यानंतरची पंधरा वर्षं चालतील? आमवाताची इंजेक्शनं चालू ठेवून चालेल की बंद करून? नंतर सांधे सुजले तर ते आमवाताचं की इम्प्लांटचं, म्हणजे छातीत बसवलेल्या त्या सिलिकॉनच्या पिशवीचं, हे कोण आणि कसं ओळखणार? शेवटी मी ऑपरेशन केलं, पण दुसऱ्या सर्जनकडे आणि पहिल्या भेटीनंतर दीड वर्षानं. त्या दीड वर्षात जी कामं केली ती इथे क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, फाइल नीट ठेवणारी पेशंट आहे. उदाहरण आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते), कारण तोच मला आतून माहीत आहे. शुगर, थायरॉइड किंवा ल्युपस (आमवाताच्याच जातीचा दुसरा आजार) असेल तर जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

"आधीच दुखणी कमी आहेत का, त्यात ही हौस कशाला?" हे मला आत्यानं विचारलं, तुम्हालाही कुणीतरी विचारेल. आजाराच्या पहिल्या दोन वर्षांत माझं बरंच वजन उतरलं. पोटावरचं परत आलं, छातीवरचं आलं नाही. एवढंच कारण आहे आणि मला ते पुरेसं वाटतं. आत्याला पटवायच्या भानगडीत मी पडले नाही.

पहिलं काम : "सुरक्षित" म्हणजे कुणासाठी, ते वाचा

सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. १९९२ मध्ये तिथल्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय वस्तूंना परवानगी देणारी सरकारी संस्था) नुसत्या सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलचे इम्प्लांट वापरणं थांबवलं, २००६ मध्ये पुन्हा परवानगी दिली. मधल्या काळात "यामुळे संधिवात, ल्युपस होतो का" यावर भरपूर वाद आणि कोर्टकज्जे झाले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं असा संबंध दाखवणारा पटण्याजोगा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. सर्जन लोक बहुतेक इथेच थांबतात.

पण त्या वादातला प्रश्न धडधाकट बाईला इम्प्लांटमुळे असा आजार होतो का, हा होता. आपला प्रश्न वेगळा आहे. आजार आधीच घरात आहे, आता इम्प्लांट आलं तर काय? कंपन्यांच्या स्वतःच्या माहितीपत्रकात याचं उत्तर छापलेलं असतं : ल्युपस, स्क्लेरोडर्मासारखे ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे) आजार, कमी झालेली प्रतिकारशक्ती, जखम भरण्यात किंवा रक्त गोठण्यात अडथळा आणणारे आजार, ठरलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन, यांपैकी काही असलेल्यांमध्ये सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. "धोका सिद्ध झाला" असं ते म्हणत नाहीत. आमच्यासारख्यांवर नीट तपासलंच गेलेलं नाही, असा त्याचा अर्थ. धोका नसणं आणि धोका तपासलेला नसणं यांतला फरक त्या "चालेल"मध्ये गडप झाला होता.

ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांटवर सर्वांत कडक प्रकारचा, चौकटीतला इशारा छापावा लागतो आणि पेशंटकडून एक यादी मुद्देवार सही करून घ्यावी लागते. आपल्याकडे ती यादी मिळेलच असं नाही. पण ती नेटवर आहे, छापून घ्या आणि सर्जनसमोर ठेवा. त्यातलं एक वाक्य मी अधोरेखित केलं होतं : इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही, आणि जितकी जास्त वर्षं ते आत राहील तितकी पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता वाढते.

दुसरं काम : तीन महिन्यांची वही

या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची गोष्ट हीच.

इम्प्लांटनंतर काही बायकांना थकवा, सांधेदुखी, पुरळ, विसरभोळेपणा, डोकं जड होणं असा त्रास होतो. त्याला "ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस" म्हणतात. त्यासाठी कुठलीही रक्ततपासणी नाही. इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटतं, काहींना नाही. आता ती लक्षणं पुन्हा वाचा : थकवा, सांधे, पुरळ, डोकं जड. आमवातवाल्याचा हा नेहमीचा मंगळवार. म्हणजे उद्या काही झालं तर सर्जन आमवाताकडे बोट दाखवणार, आमवाताचे डॉक्टर इम्प्लांटकडे, आणि मधे आपण.

म्हणून ऑपरेशनच्या आधी निदान तीन महिने रोज लिहा. मी साधी दोनशे पानी वही घेतली आणि पाच रकाने आखले : सकाळी सांधे मोकळे व्हायला लागलेली मिनिटं, सुजलेले सांधे, थकवा दहापैकी किती, झोप, आणि इंजेक्शनचा कितवा दिवस. मिनिटं मोजायला घड्याळापेक्षा परकराची नाडी बरी. उठल्यापासून नाडीची गाठ एका झटक्यात बसेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा. याच काळात ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), हिमोग्लोबिन आणि तुमच्या आजाराच्या इतर तपासण्या एकदा करून रिपोर्ट वहीतच चिकटवा.

ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात माझी बोटं सुजली. घरात सगळ्यांचा एकच सूर : बघ, सांगत होतो. मी वही काढली. ऑपरेशनआधीच्या तीन महिन्यांत पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधीच्या चार दिवसांत बोटं दर वेळी अशीच सुजलेली होती, आकडेही जवळपास तेच. औषधाचा परिणाम मुदतीआधीच ओसरत होता, आणि ते मी याआधी कधी मांडून बघितलंच नव्हतं. वही नसती तर मी घाबरून इम्प्लांट काढायला निघाले असते.

तिसरं काम : आधी आजाराचे डॉक्टर, मग सर्जन

माझा क्रम उलटा झाला होता, तुम्ही तसं करू नका. आजाराच्या डॉक्टरांना सौंदर्याच्या ऑपरेशनचं सांगायची लाज वाटते, हे मान्य. मी "एक छोटं ऑपरेशन आहे" अशी सुरुवात केली होती. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "कसलं ते सांगा, नाहीतर मी औषधं कशी ठरवू?"

त्यांना दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, आजार शांत आहे का आणि किती महिने शांत आहे. नुकताच उसळून बसला असेल किंवा औषध नुकतंच बदललं असेल, तर तारीख घेऊ नका. या ऑपरेशनला कधीच घाई नसते, आणि तेवढा एक फायदा आपल्याकडे आहे.

दुसरी, कोणतं औषध कधी थांबवायचं आणि कधी परत सुरू करायचं. हे लेखी घ्या. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या संघटनांची २०२२ ची एकत्रित सूत्रं आहेत. ती गुडघा आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी लिहिलेली आहेत, स्तनांसाठी नाहीत, पण चर्चेला पाया म्हणून उपयोगी पडतात. त्यांच्यानुसार मेथोट्रेक्झेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड ही आमवाताची नेहमीची औषधं चालू ठेवायची. बायॉलॉजिक इंजेक्शनांचा (प्रतिकारशक्तीचा एखादा नेमका भाग दाबणारी औषधं) पुढचा डोस गाळून, त्याची तारीख उलटल्यावर ऑपरेशन : दर दोन आठवड्यांनी घ्यायचं अ‍ॅडालिम्युमॅब असेल तर शेवटच्या डोसनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या तीन दिवस आधी बंद. परत सुरुवात जखम भरल्याचं दिसल्यावर, टाके निघाल्यावर, साधारण चौदा दिवसांनी. कितीतरी जणी घाबरून मेथोट्रेक्झेट आपल्या मनानं महिनाभर बंद करतात आणि ऑपरेशनच्या आठवड्यात आजार उसळवून बसतात. ते नको.

रोजची स्टेरॉइडची गोळी असेल तर ती अचानक सोडायची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात ते उघडं पडतं. "आमवातावर रामबाण" म्हणून कुणी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत.

ल्युपस असेल तर अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीची तपासणी झाली आहे का विचारा. त्या असतील तर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो आणि गणितच बदलतं. शुगर असेल तर ठरवून करायच्या ऑपरेशनआधी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) शक्यतो ८ च्या खाली असावं आणि ऑपरेशनच्या आसपास शुगर १०० ते १८० मध्ये असावी, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या सध्या सर्रास दिल्या जातात. त्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगा, त्यानं पोट उशिरा रिकामं होतं. थायरॉइडवाल्यांचं सोपं आहे : टीएसएच जागेवर आणा, आणि ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या.

चौथं काम : भूलतज्ज्ञांना मान दाखवा

आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात, कधीकधी काहीही दुखत नसताना. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायला मान मागे वाकवतात. बरीच वर्षं आजार असलेल्या बाईनं मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे भूलतज्ज्ञांना आधीच दाखवावा. माझ्या पहिल्या सर्जनकडे याचा कुणी उच्चारही केला नव्हता. तोंड पूर्ण उघडतं का तेही बघून घ्या. जबडाही सांधाच आहे. ही भेट ऑपरेशनच्या सकाळी गाऊन घालून नको, निदान दोन आठवडे आधी हवी.

मिशरी लावत असाल तर इथे सांगा. सिगरेट ओढता का, असं विचारलं की आपल्याकडच्या बायका खुशाल "नाही" म्हणतात आणि सकाळी बोट दातांवरून फिरतच असतं. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडीला आणि टाक्यांना रक्त कमी पडतं. आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे बंद.

दात आणि लघवीही तपासून घ्या. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग चालू असेल तर इम्प्लांट बसवत नाहीत. माझी पहिली तारीख एका किडक्या दाढेनं खाल्ली.

पाचवं काम : तांदळाच्या पिशव्या

क्लिनिकमध्ये ब्रामध्ये नमुना घालून पाच मिनिटं आरशासमोर उभं करतात. पाच मिनिटं कुठलंही ओझं हलकंच असतं.

सिलिकॉन जेलचा एक सीसी म्हणजे जवळपास एक ग्रॅम. मला ३२५ सीसी सुचवलं होतं, म्हणजे दोन्ही मिळून साडेसहाशे ग्रॅम, जन्मभर मानेला आणि खांद्याला. मी जुने पायमोजे घेतले, तांदूळ कपानं न मोजता काट्यावर तोलून घेतला, कारण तांदळात हवा असते आणि कपानं वजन कमी भरतं. प्रत्येक मोज्यात ३२५ ग्रॅम भरून गाठ मारली आणि मऊ ब्रामध्ये घालून घरात वावरले. भाकरी केल्या, झाडलं, दुपारी बसून निवडणं केलं. तिसऱ्या दिवशी मान धरली. मग २७५, मग २२५. २२५ ला आठवडाभर वहीतले आकडे हलले नाहीत. मी तेवढ्यावरच थांबले. मैत्रिणी म्हणतात, मग केलंस कशाला, कळतसुद्धा नाही! मला कळतं.

चरबी भरण्याचा दुसरा पर्यायही इथेच विचारून घ्या. पोटावरची किंवा मांडीवरची चरबी काढून छातीत सोडतात, आत परकी वस्तू राहत नाही. पण वाढ माफक होते, काही चरबी विरघळून जाते, आणि अंगावर चरबीच नसेल तर प्रश्न तिथेच संपतो.

सहावं काम : सर्जनला विचारायचे प्रश्न

प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे आधी बघा. "कॉस्मेटिक" अशी पाटी कुणीही लावतं. मग विचारा : औषधानं प्रतिकारशक्ती दाबलेल्या किती पेशंटचं हे ऑपरेशन तुम्ही केलंय? उत्तरात आकडा नसला तरी चालेल, पण "तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या, मी बोलतो" असं वाक्य यायला हवं. मी ज्यांच्याकडे केलं त्यांनी तेच म्हटलं आणि माझ्यासमोर फोन लावला.

इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, तेही विचारा. खरखरीत इम्प्लांटशी संबंधित एक दुर्मीळ लिम्फोमा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कॅन्सर) आहे, बीआयए-एएलसीएल. त्यामुळे जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतले. स्नायूच्या वर बसवणार की खाली, आणि का? खाली बसवलं तर पहिले काही आठवडे छातीचा स्नायू जास्त दुखतो. हातांवर जोर देऊन खुर्चीतून उठणाऱ्या आमवातवालीला हे तपशिलात समजून घ्यायलाच हवं.

आणि जंतुसंसर्ग झाला तर? बहुतेक वेळा इम्प्लांट काढावं लागतं, काही महिने थांबावं लागतं आणि मग पुन्हा बसवायचं की नाही ठरतं. तो खर्च कुणाचा, हे आधी बोला. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला संरक्षण नसतं, आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीवरही विमा कंपनी हात वर करू शकते. उपचारांना जीएसटीतून जी माफी आहे तीही याला लागू नाही. त्यामुळे एका ऑपरेशनचे पैसे जमले म्हणजे पैसे जमले, असं समजू नका. निदान आणखी एका ऑपरेशनची सोय बाजूला असू द्या.

मूल हवं असेल किंवा अंगावर पाजत असाल तर हा विषय पुढे ढकला.

सातवं काम : घर लावून ठेवा

सहसा चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, छातीवर जोर द्यायचा नाही. निरोगी बाईला हे नुसतं गैरसोयीचं असतं. आपली बोटं आधीच रुसलेली असतात, म्हणून आपण खांदे आणि कोपर वापरून काम भागवतो. नेमके तेच बंद होतात.

म्हणून डबे खालच्या फळीवर आणा. कुकरचं झाकण आणि पाण्याची बाटली उघडायला माणूस हवा. ब्रा पुढून उघडणारी घ्या, पण हुकांची नको. हुक लावताना माझी बोटं कापत होती, शेवटी बहिणीनं चेन लावून दिली. पलंगावरून उठताना हात टेकवता येत नाहीत, म्हणून पाठीमागे तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपा, कुशीवर वळून पाय खाली सोडा आणि मग उठा. याची तालीम आधी चार दिवस करा. मी गावाला परत जायची घाई केली नाही. पहिला आठवडा पुण्यात मावसबहिणीकडे राहिले, कारण ड्रेसिंगला एसटीचे धक्के खात जाणं मला परवडणारं नव्हतं.

फोन कधी करायचा, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा : एकच बाजू अचानक फुगली, लाली पसरत चालली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, पोटरी दुखून सुजली, दम लागला. शेवटचे दोन असतील तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. आणि ताप येण्याची वाट बघू नका. स्टेरॉइड आणि बायॉलॉजिक घेणाऱ्यांना संसर्ग असूनही ताप येतोच असं नाही. टोसिलिझुमॅब या बायॉलॉजिकवर असाल तर सीआरपीसुद्धा खोटा दिलासा देऊ शकतो.

आठवं काम : पुढची वर्षं

सिलिकॉन इम्प्लांट आत फाटलं तरी बाहेरून कळतंच असं नाही. त्यासाठी पाच ते सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एकदा, असा एफडीएचा सल्ला आहे. इम्प्लांटभोवती शरीर एक पापुद्रा तयार करतं. तो आवळत गेला तर स्तन कडक होतो, दुखतो, आकार बदलतो. आणि सगळं शांत असताना काही वर्षांनी अचानक एका बाजूला पाणी साठून सूज आली, तर ते पाणी लिम्फोमासाठी तपासायला सांगा. मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट आहे हे टेक्निशियनला आधीच सांगायचं, मग ते इम्प्लांट मागे सारून जास्तीच्या फिल्म काढतात.

डिस्चार्जच्या दिवशी एक कार्ड मिळालं पाहिजे : कंपनी, मॉडेल, सीसी, दोन्ही बाजूंचे सिरियल नंबर. ते घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका. मला ते "नंतर कुरियरनं पाठवतो" म्हणाले होते. मी काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून राहिले, पाऊण तासानं कार्ड आलं. त्याचा फोटो आता बहिणीच्या फोनमध्ये आहे, झेरॉक्स आमवाताच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर आहे, आणि मूळ कार्ड वहीत, ऑपरेशनच्या तारखेच्या पानाला चिकटवलेलं. वही अजून चालू आहे. आज सकाळी नाडीला बारा मिनिटं लागली.